तबकडीवरचा पाठ

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९१९ साली आरंभिले आणि १९६६ साली ते सिद्धीस नेले. या कार्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. प्रत कोणत्या लिपीतील, कागदावरची की ताडपत्रावरची, पूर्ण की त्रुटित, तिच्यात लेखनकाल दिलेला आहे की नाही, हे नोंदल्यावाचून तिच्यातील पाठाचा विचार करावयाचा नाही, हा दंडक विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या खंडात कसोशीने पाळला. मराठीतील ज्ञानेश्वरीच्या, अभंगगाथांच्या आणि महानुभाव ग्रंथांच्या संपादकांनीही कमीअधिक प्रमाणात तोच मार्ग अनुसरला. पाठ अधांतरी नसतो. तो कोणत्या ना कोणत्या वस्तूवर टेकलेला असतो आणि त्या वस्तूचे गुणदोष त्यात उतरतात, ही जाणीव या परंपरेच्या मुळाशी आहे.

त्याच महाभारताचे एक दुसरे रूप छत्तीसगढात पंडवानीच्या स्वरूपात नांदत आले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यापासून काही कोसांवर असलेल्या गनियारी या गावी १९५६ साली जन्मलेल्या तीजनबाई यांनी ते जगभर नेले. त्यांनी या कारखान्यात नोकरीही केली, आणि २०१९ साली त्यांना पद्मविभूषण हा बहुमान लाभला. पंडवानीच्या दोन शाखा सांगितल्या जातात. वेदमती शाखेचा गायक बहुधा बसून गातो आणि सबलसिंह चौहान यांच्या पद्य महाभारताचा आधार सोडत नाही. कापालिक शाखेचा गायक उभा राहतो, अभिनय करतो, आणि कथा स्मृतीतून व प्रसंगानुरूप रचत जातो. तीजनबाईंच्या हातातील तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचे धनुष्य होतो. कापालिक पंडवानीचा पाठ हा असा प्रयोगातच जन्मतो आणि प्रयोगाबरोबरच संपतो. त्याची पोथी नसते. त्या रात्री कोणी यंत्राने तो टिपून ठेवला असेल, तर तेवढाच त्याचा साक्षीदार उरतो.

२००० सालानंतरच्या दहा-बारा वर्षांत असे टिपण बहुतेक वेळा ज्या वस्तूवर उतरले, ती वस्तू म्हणजे लेखनक्षम डीव्हीडी. भिलाईसारख्या, देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कामगारांनी वसलेल्या नगरीत हे विशेषच घडले. नाचा आणि पंडवानी, बंगाली मंडळींची दुर्गापूजा, तेलुगू आणि मलयाळी संघांचे उत्सव, मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सवातील एकांकिका व कीर्तने, हे सारे लग्नाचे चित्रण करणाऱ्या छायाचित्रकाराच्याच कॅमेऱ्याने टिपले जाई आणि आठ-पंधरा दिवसांनी एका चकचकीत तबकडीच्या रूपाने हाती पडे. भारतीय भाषांच्या प्रयोगसिद्ध वाङ्मयाचा एका संपूर्ण दशकाचा पुरावा या तबकड्यांत साठलेला आहे. मात्र या पुराव्याकडे पाहण्याची वाङ्मयाभ्यासकांची दृष्टी अजून पाठचिकित्सेची झालेली नाही. प्रबंधाच्या परिशिष्टात ‘ध्वनिचित्रमुद्रण, खाजगी संग्रह’ एवढ्या तीन शब्दांवर पुष्कळदा काम भागवले जाते. हस्तलिखिताची अशी नोंद कोणत्याही परीक्षकाने चालवून घेतली नसती.

तबकडीची जात ओळखणे हे तंत्रज्ञाचे काम आहे, अभ्यासकाने पाठाकडे पाहावे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो वरवर पटण्याजोगा आहे, परंतु टिकणारा नाही. ताडपत्र कसे करतात हे सुकथनकरांना स्वतः करून दाखवावे लागत नव्हते. ताडपत्र आणि कागद यांतील भेदाचा पाठावर काय परिणाम होतो, हे मात्र त्यांना ठाऊक असणे अवश्यच होते. लेखनक्षम डीव्हीडीच्या बाबतीत हा परिणाम तर अधिकच थेट आहे.

मुळात ‘डीव्हीडी’ या एकाच नावाखाली वावरणाऱ्या वस्तू एका जातीच्या नाहीत. चित्रपटगृहातून गेलेला चित्रपट ज्या तबकडीवर विकत मिळतो, तिच्यावरील खळगे कारखान्यात साच्याने उमटवलेले असतात. ती छापील पुस्तकासारखी होय. घरी किंवा दुकानात लिहिली जाणारी तबकडी निराळी. पायोनियर या जपानी कंपनीने १९९७ साली एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर बाजारात आणली, तेव्हा तिच्यावर ३.९५ अब्ज बाइट मावत. पुढे ही क्षमता ४.७ अब्जांवर गेली. १९९८ साली डीव्हीडी-रॅम आली, १९९९ साली पुन्हापुन्हा लिहिता येणारी डीव्हीडी-आरडब्ल्यू. दरम्यान फिलिप्स, सोनी, ह्यूलेट-पॅकार्ड आदी कंपन्यांनी वेगळी चूल मांडली आणि २००१ साली डीव्हीडी+आरडब्ल्यू व २००२ साली डीव्हीडी+आर अशी स्वतंत्र घराणी उभी केली. पाच नावे, दोन पंथ, आणि एका पंथाची तबकडी दुसऱ्याच्या यंत्रात चालेलच असे नाही, असा तो काळ होता. दोन्ही पंथ सांभाळणारी यंत्रे पुढे आली आणि भांडण मिटले. तबकड्या मात्र ज्या त्या पंथाच्याच राहिल्या.

या नावांतील एक चिन्ह पाठचिकित्सकाला रुचावे असे आहे. ‘डीव्हीडी-आर’ यातील आडवी रेघ ही मुळात केवळ जोडरेघ होती. समोर ‘अधिक’ चिन्हाचा पंथ उभा राहिल्यावर लोक त्या रेघेला ‘उणे’ म्हणू लागले, आणि जिच्या नावात काही उणे नव्हते ती तबकडी बोलण्यात उणी ठरली. चिन्हाच्या अपवाचनातून अर्थ बदलल्याची उदाहरणे पोथ्यांत शेकड्यांनी सापडतात. त्यात या एका आधुनिक उदाहरणाची भर घालण्यास हरकत नाही.

परंतु खरा महत्त्वाचा भेद अधिक-उण्याचा नसून एकदाच लिहिण्याचा आणि पुन्हापुन्हा लिहिण्याचा आहे. डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर यांत सेंद्रिय रंगद्रव्याचा एक अत्यंत पातळ थर असतो. लिहिणारा लेसर किरण त्या थरात जागोजाग कायमचा बदल घडवितो; तो बदल परत फिरविता येत नाही. शाईने लिहिण्यासारखेच हे आहे. आरडब्ल्यू जातीच्या तबकड्यांत रंगद्रव्याऐवजी एक मिश्रधातू असतो. किरणाची उष्णता कमीजास्त करून तो स्फटिकरूप किंवा अस्फटिक करता येतो, आणि म्हणून जुने लेखन पुसून त्याच जागी नवे करता येते. असे सुमारे एक हजार वेळा करता येते, आणि डीव्हीडी-रॅमच्या बाबतीत तर एक लाख वेळा. पूर्वी शाळेत मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत आणि हाताच्या एका फटकाऱ्याने ती मोडीत. आरडब्ल्यू तबकडी ही धूळपाटी होय. मौखिक वाङ्मयाच्या दृष्टीने हा भेद जीवनमरणाचा आहे. कापालिक पंडवानीत एकाच प्रसंगाचे दोन रात्रींचे दोन पाठ निराळे असतात, आणि त्या निराळेपणातच तिचे वाङ्मयीन वैभव आहे. काटकसर म्हणून एकाच धूळपाटीवर पहिल्या रात्रीवर दुसरी रात्र चढविली गेली, तर नष्ट झालेली गोष्ट ही ‘जुनी प्रत’ नसून एक स्वतंत्र पाठ असतो. चर्मपत्र खरवडून त्यावर पुन्हा लिहिले असता खालची अक्षरे निदान पुसट तरी दिसतात. येथे खाली काहीही उरत नाही.

आणखी एक बाब आहे, जिच्यापायी पुष्कळ तबकड्या विनाकारण मृत समजून टाकून दिल्या गेल्या. घरगुती मुद्रणयंत्रावर लिहिलेली तबकडी शेवटी विधिपूर्वक ‘बंद’ करावी लागते. दुकानदारांच्या बोलीत ‘फायनलाइझ’ करावी लागते. तसे न केल्यास ती ज्या यंत्रावर लिहिली त्याच यंत्रावर दिसते. इतर यंत्रे तिला बहुधा कोरी किंवा बिघडलेली समजतात. तिच्यातील मजकूर मात्र पुष्कळदा शाबूत असतो. ग्रंथाची समाप्तीची पुष्पिका लिहावयाची राहिली म्हणून ग्रंथच नाही असे म्हणण्यासारखे हे आहे. ज्याला एवढी एक गोष्ट ठाऊक असेल, तो अशी तबकडी फेकण्यापूर्वी थांबेल.

तबकडीवरील पाठ मूळ मानावयाचा की नाही, हा प्रश्न याच्याही पुढचा आहे. त्या दशकात पुष्कळ चित्रण आधी मिनीडीव्ही या छोट्या फितीवर होई. तिच्यावर एका तासाचे चित्रण सुमारे तेरा अब्ज बाइट व्यापते. तबकडीवर दोन तासांचे चित्रण ४.७ अब्ज बाइटांत बसवावयाचे म्हटले, म्हणजे मुळातील तपशिलांपैकी फार मोठा भाग गाळूनच बसवावे लागते. चार किंवा सहा तास बसविण्याची सोयही यंत्रांत असे, आणि रात्रभर चालणाऱ्या कार्यक्रमासाठी दुकानदार तिचाच आश्रय घेई. मग चित्राची आडवी बारकाई काही यंत्रांत निम्म्यावर येई. तंबुऱ्याची गदा होते त्या क्षणी गायिकेच्या बोटांची पकड कशी बदलते, डोळे कोठे वळतात, हा अभिनयाचा अर्थ आहे. आणि अशा तबकडीत नेमका तोच गढूळ झालेला असतो. पुढे ती फीत दुसऱ्या लग्नासाठी वापरली जाई. थोडक्यात, हाती असलेली तबकडी ही संक्षिप्त प्रत असून तिचा आदर्श नष्ट झालेला आहे. अशा प्रतीचा उपयोग करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती संक्षिप्त आहे हे सांगितलेच पाहिजे.

आता टिकाऊपणाकडे वळू. पोथी जीर्ण होते ती डोळ्यांदेखत. कडा झडतात, कसर लागते, शाई फिकट होते. रक्षणकर्त्याला वेळीच जाग येते. तबकडीचे तसे नाही. तिच्यावरील मजकुरात दोष शोधून ते दुरुस्त करण्याची गणिती योजना आधीच गुंफलेली असते. रंगद्रव्य क्षीण होऊ लागले की दोष वाढतात, परंतु यंत्र ते मुकाट्याने दुरुस्त करून निर्दोष चित्र दाखवीत राहते. मानकाप्रमाणे मजकुराच्या सलग आठ गटांत मिळून अशा दोषांची संख्या २८० च्या पुढे जाता कामा नये. मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेलेली तबकडीही काही काळ ठाकठीक दिसते आणि मग एके दिवशी एकाएकी मुकी होते. ‘परवापर्यंत चालत होती’ हे वाक्य तबकडीच्या सुस्थितीचा पुरावा मुळीच नव्हे.

ती किती वर्षे टिकते, याविषयीचे दावे एकमेकांना छेद देणारे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने ग्रंथपाल व अभिलेखपालांसाठी २००३ साली फ्रेड बायर्स यांची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. एकदाच लिहिता येणाऱ्या तबकड्या योग्य रीतीने ठेवल्यास शंभर ते दोनशे वर्षे आणि पुनर्लेखनक्षम तबकड्या पंचवीस वर्षे वा अधिक टिकाव्यात, असे उत्पादकांचे सर्वसाधारण मत तीत नोंदविले आहे. कॅनडाच्या संवर्धनसंस्थेचा अंदाज याहून पुष्कळ कठोर आहे: सोन्याचा परावर्तक थर असलेल्या डीव्हीडी-आरला पन्नास ते शंभर वर्षे, पण बाजारात सर्रास मिळणाऱ्या चांदीच्या मिश्रधातूच्या डीव्हीडी-आरला केवळ दहा ते वीस. युनेस्कोसाठी केविन ब्रॅडली यांनी २००६ साली लिहिलेल्या पुस्तिकेत तर अशा तबकड्यांवर अभिलेखागाराने विसंबू नये, असाच एकंदर रोख आहे. यातील पहिला अंकही ‘योग्य रीतीने ठेवल्यास’ या अटीवर उभा आहे, आणि त्या मार्गदर्शिकेनुसार योग्य तापमान चार ते वीस अंशांचे होय. दुर्ग-भिलाईच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. गोदरेजच्या कपाटात ठेवलेल्या तबकडीला कॅनडाचा अंदाजदेखील उदार वाटावा! चांदीचे आयुष्य धरले तर २००५ साली लिहिलेल्या तबकडीची मुदत आताच संपलेली आहे, किंवा संपत आलेली आहे.

एवढी माहिती कोठे मिळते, असे विचारले तर उत्तर असे की ती मुबलक आहे, विनामूल्य आहे, आणि संगणकावर कोणालाही उपलब्ध आहे. जिनीव्हाच्या एक्मा या मानकसंस्थेने या तबकड्यांची मानके खुली ठेवली आहेत. डीव्हीडी+आरडब्ल्यूचे ३३७ क्रमांकाचे, डीव्हीडी-आरडब्ल्यूचे ३३८, डीव्हीडी+आरचे ३४९, डीव्हीडी-आरचे ३५९. ती अभियंत्यांसाठी आहेत आणि सामान्य वाचकाला रुक्ष वाटतील. प्रकाशीय साठवण उद्योगाच्या संघटनेने २००४ साली ह्यू बेनेट यांच्याकडून लिहवून घेतलेली पुस्तिका नवशिक्याला अधिक सोयीची. मात्र उद्योगाने आपल्या मालाविषयी लिहवून घेतलेला मजकूर कोणत्या बेताने वाचावा, हे कोणाही शहाण्या वाचकास कळते. जिम टेलर यांची प्रश्नोत्तरे, वर उल्लेखिलेली बायर्स यांची मार्गदर्शिका, ब्रॅडली यांची पुस्तिका आणि ध्वनि-दृक्‌श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे एवढी सामग्री वाचली तर अभ्यासकाचे काम भागते. प्रथम बायर्स आणि नंतर ब्रॅडली, हा क्रम उत्तम. पण हे सारे इंग्रजीत आहे. ज्याच्या घरी ती तबकडी आहे त्या नाचा कलावंताला, किंवा मंडळाच्या त्या निवृत्त चिटणिसाला, त्याचा उपयोग शून्य.

येथे भिलाईच्याच परिसरातील एका मराठी माणसाची आठवण होणे साहजिक आहे. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे माधवराव सप्रे पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे म्हणून प्रसिद्ध झाले. परंतु काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९०६ साली सिद्ध केलेल्या हिंदी वैज्ञानिक कोशात अर्थशास्त्राची परिभाषा त्यांनी सांभाळली, ही कामगिरी तितकीशी आठवली जात नाही. नवे ज्ञान देशी भाषेत आणावयाचे तर आधी शब्द पाडावे लागतात, हे त्यांनी जाणले होते. लेखनक्षम, पुनर्लेखनक्षम, बंद तबकडी, उघडी तबकडी, रंगद्रव्यस्तर, दोषगणना असे वीस-पंचवीस शब्द आणि त्यांची दहा पानांची फोड, एवढेच काम आहे. भारतीय भाषांच्या विभागांनी ते संयुक्तपणे केले, तर मराठी, हिंदी, छत्तीसगढी, बंगाली, तेलुगू अशा सर्वांना ते एकदमच उपयोगी पडेल. त्यासाठी मोठ्या अनुदानाची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

हे काम व्यर्थ जात नाही, याचा पडताळा महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातील काही हजार ओव्या बर्नार्ड बेल यांनी नव्वदीच्या दशकात डॅट या फितीवर ध्वनिमुद्रित केल्या. ती फीतही आज बाजारातून गेली आहे. ओव्या मात्र ऐकता येतात, कारण कोणती ओवी, कोणत्या गावी, कोणाच्या तोंडून, कोणत्या फितीवर, याची नोंद प्रथमपासून ठेवली गेली, आणि माध्यम मरण्यापूर्वी मजकूर दुसरीकडे हलविला गेला.

भिलाईत तर हा धडा बाहेरून शिकण्याची आवश्यकताच नाही. तेथील कारखान्यातून निघणाऱ्या रेल्वे रुळाच्या अंगावर कारखान्याचे नाव, महिना, वर्ष आणि ज्या ओतकामातून तो घडला त्याचा क्रमांक उमटविलेला असतो. कोठे रूळ तुटला तर त्याचे कूळ लगेच काढता येते. ज्या कारखान्याने लोखंडाच्या प्रत्येक तुकड्याची वंशावळ जपली, त्याच कारखान्यातील गायिकेच्या कलेचे पाठ मात्र बेवारस तबकड्यांवर पडून राहावेत, हा योगायोग खेदाचा आहे. वस्तुतः तबकड्याही अगदीच बेवारस नाहीत. प्रत्येक कोऱ्या तबकडीत तिच्या निर्मात्याचा संकेत कारखान्यातच कोरलेला असतो आणि साध्या संगणकावरील विनामूल्य साधनाने तो वाचता येतो. भारतात ज्या मोझर बेअर कंपनीच्या तबकड्या घरोघरी पोचल्या, तिच्या परिसमापनाचा आदेश २०१८ साली निघाला. तिचा संकेत तिच्या तबकड्यांत आजही शिल्लक आहे. ज्या दिवशी एखाद्या प्रबंधात ‘डीव्हीडी+आर, अमुक निर्माता, बंद केलेली, चार तासांच्या मापाने लिहिलेली, मूळ फीत अनुपलब्ध, अमुक दिवशी तपासली, दोषगणना इतकी’ अशी नोंद दिसेल, त्या दिवशी तबकडीवरील पाठाला पोथीचा मान मिळाला असे समजावे.

वेळ मात्र थोडा आहे. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लेखनक्षम ब्लू-रे तबकड्यांबरोबर मिनीडीव्ही फितींचेही उत्पादन थांबविले, आणि नव्या संगणकांत तबकडी घालण्याची फट कधीच नाहीशी झाली आहे. तूर्त ज्यांच्याकडे अशा तबकड्या आहेत त्यांनी मजकूर दोन ठिकाणी उतरवून घ्यावा, तबकडीवर चिकटकागद लावू नये, आणि नोंद करावयाची ती पाण्याच्या शाईच्या मऊ लेखणीने मधल्या पारदर्शक कड्यावर करावी. तेवढ्या जागेत कार्यक्रमाची तारीख, गाव आणि गाणाऱ्याचे नाव सहज मावते.